काही सांडलं नाही हो!

या अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी सवयीनं विचारलं, "लॅपटॉपला काय झालंय?" बाई म्हणाल्या, लॅपटॉप ठणठणीत आहे, मला तुमच्याकडून लेख हवाय. मला काही ते पटेना. लेखाच्या निमित्तानं ओळख काढायची, मग हळूच म्हणायचं, "आलाच आहात तर जरा बघता का, एक बटण अडकतंय." असले प्रकार मी पुष्कळ पाहिलेत. म्हणून आठवडाभर वाट बघितली. लॅपटॉप काही आला नाही. तेव्हा नाइलाजानं लिहायला बसलोय.

मी लॅपटॉप दुरुस्त करतो. मोशीत मेन रोडला गाळा आहे. वीसेक वर्षं झाली असतील. आम्ही मूळचे इथलेच, शेतकरी. आमच्या घरात संशय घ्यायची पद्धत नव्हती. वडील म्हणायचे, "मान्सावर इस्वास ठिवला की मानूस बी ठिवतो." वडील गेले तोवर मी त्यांच्याशी वाद घातला नाही, पण एक गोष्ट त्यांना कधी सांगितलीही नाही. वीस वर्षांत माझ्या काउंटरवर ओला लॅपटॉप ठेवून "यावर चहा सांडला" असं म्हणणारा एकही माणूस मला भेटला नव्हता. सगळे एकच सांगतात, "आपोआप बंद पडला. काही सांडलं नाही हो."

मी दुरुस्तीच्या चिठ्ठीवर 'तक्रार' या रकान्यात तेच लिहितो, 'आपोआप'. मग पाठ उघडून वास घेतो. हसू नका, आमच्या धंद्यात नाक हे मोठं हत्यार आहे. चहाचा वास महिनाभर जात नाही. कोल्ड्रिंकचा वास जातो, पण चिकटपणा राहतो. ताकाचा वास आला की मी मास्क लावतो. एक क्लासवाले सर आले होते, त्यांचं 'ए' आणि 'एस' चालत नव्हतं. आपोआपच. बटणांच्या टोप्या काढल्या तर खाली मुंग्यांचं आख्खं गाव. मुंग्या आपोआप येत नाहीत, साखरेला येतात. मी सरांना तसं म्हटलं, तर ते म्हणाले, आमच्या सोसायटीत मुंग्या फार आहेत. घ्या!

घरी बायको म्हणते, तुमचा स्वभावच बिघडलाय. दूध उतू गेलं तरी तुम्ही विचारता, शेवटचं इथं कोण उभं होतं. खरं आहे तिचं. पण मला सांगा, जो रोज खोटं ऐकतो त्यानं काय करावं?

बरं, संशय फक्त मीच घेतो असंही नाही. देहूरोडचे एक काका होते, लष्करी कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी कीबोर्ड बदलायला दिला आणि समोर खुर्ची टाकून बसले. म्हटलं, काका, संध्याकाळी या. तर म्हणाले, "मी हितंच बरा." चहा आला, त्यांनी माझ्या हातावरची नजर न काढता प्यायला. लॅपटॉप उघडला तर आतल्या प्रत्येक भागावर नेलपॉलिशचा एकेक लाल ठिपका. मेमरीवर, बॅटरीवर, पंख्यावरसुद्धा. मी काही बदलून घेऊ नये म्हणून काकांनी घरी स्वतः उघडून, सुनेचं नेलपॉलिश घेऊन, खुणा केल्या होत्या. मला आधी राग आला. मग असं वाटलं, हा माणूस आपल्या जातीचा आहे. पुढं त्यांनी अर्धं देहूरोड माझ्याकडं पाठवलं. काका स्वतः मात्र दर वेळी खुर्ची टाकून बसायचेच.

आता थोडं कीबोर्डाबद्दल सांगतो, कारण पुढची गोष्ट त्याच्यावरच आहे. वरून दिसतात त्या बटणांच्या टोप्या. टोपीखाली प्लॅस्टिकची एक नाजूक कात्री असते, तिच्यामुळं टोपी सरळ खाली जाते, सरळ वर येते. कात्रीच्या मधोमध रबराचा छोटा घुमट. आणि त्याच्याखाली पातळ प्लॅस्टिकचे कागद, एकावर एक, त्यांच्यावर चांदीच्या शाईनं वाटा छापलेल्या. बटण दाबलं की वरची वाट खालच्या वाटेला टेकते आणि अक्षर उमटतं. बोट उचललं की सुटते. एवढंच. या कागदांमध्ये ओल शिरली की वाटा एकमेकींना नीट सोडत नाहीत. मग एकदा दाबलेलं अक्षर दोनदा उमटतं, किंवा उमटतच नाही, किंवा तुम्ही जेवायला गेलात तरी उमटत राहतं.

पूर्वीचे लॅपटॉप जाडजूड असायचे, पाटीसारखे. मांडीवर ठेवले तर मांडी भाजायची. पण त्यांचा कीबोर्ड चार स्क्रू काढले की हातात यायचा. काही चांगल्या लॅपटॉपांना तर खाली पन्हळ असायची, पाणी सांडलं तर बाजूनं निघून जावं म्हणून. ज्यानं ती पन्हळ ठेवली त्याला ठाऊक होतं की माणूस आहे, सांडणारच. आता सगळं बारीक झालंय. बटण दाबलं की नाही तेच बोटाला कळत नाही. बाणांची बटणं अर्धी केली. लॅपटॉप बंद करायचं बटण नेऊन ठेवलं खोडायच्या बटणाशेजारी, म्हणजे माणूस एक अक्षर खोडायला जातो आणि तासाभराचं काम घालवून बसतो. आणि स्क्रू? स्क्रू गेले. आता कीबोर्ड वरच्या पत्र्याला प्लॅस्टिकच्या खिळ्यांनी वितळवून चिकटवतात. एका बटणासाठी अख्खा वरचा भाग बदला, नाहीतर ते खिळे एकेक करून तासा आणि पुन्हा वितळवा. कंपनीवाले म्हणतात, लॅपटॉप हलका व्हावा म्हणून केलंय. असेल. मला मात्र पक्का संशय आहे की कुठंतरी एका गार खोलीत बसून कुणीतरी ठरवलंय, हे बिघडलं पाहिजे आणि बोराटेला दुरुस्त करता आलं नाही पाहिजे. बोराटे म्हणजे मी.

आता चाकणची गोष्ट.

चाकणला एक कारखाना आहे, नाव कशाला सांगू. गाड्यांचे ओतीव भाग आणायचे, मशीनवर कापून-छिलून नेमक्या मापाचे करायचे आणि मोठ्या कंपन्यांना पाठवायचे, हे त्यांचं काम. तिथले लॅपटॉप सांभाळायचं काम माझ्याकडं होतं. माल तपासायच्या टेबलांवर लॅपटॉप असायचे, कारण हल्ली मापं कागदावर लिहीत नाहीत, थेट टाइप करतात.

त्यातल्या एका टेबलावर रेखा सोळंके होत्या. परभणीकडच्या. नवरा टेम्पो चालवायचा, एक मुलगी शाळेत. ठेकेदाराच्या नावावर कामाला होत्या, पण त्या वर्षी कंपनी ज्या थोड्या लोकांना कायम करणार होती त्यात त्यांचं नाव असल्याचं सगळ्या लाइनवर माहीत होतं. आपल्या भागात 'पर्मनंट' या शब्दाला काय वजन आहे ते बाहेरच्याला कळायचं नाही. मुलीचं लग्न त्याच्यावर ठरतं, घराचं कर्ज त्याच्यावर मिळतं.

तर या सोळंकेबाईंच्या लॅपटॉपचा कीबोर्ड बिघडला. शून्याचं बटण दोनदा उमटतं अशी तक्रार. मी टोप्या न काढताच अख्खा वरचा भाग बदलला. पावसाळ्यात पुन्हा तीच तक्रार. पुन्हा बदलला. मग तिसऱ्यांदा तीच तक्रार. आजूबाजूच्या टेबलांवरचे लॅपटॉप मळके, बटणांवर ग्रीसचे काळे ठसे, बिस्किटांचा चुरा, तरी मजेत चाललेले. फक्त यांचाच बिघडतो.

तिसऱ्या वेळी प्लँटचे मॅनेजर खैरनारसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. साहेब मूळचे मशीनवरचेच, शिकत शिकत वर आलेले, माणूस वाईट नाही. पण त्या दिवशी चेहरा उतरला होता. त्यांनी सांगितलं ते असं. पाठवलेला माल गिऱ्हाईक कंपनीनं परत केला होता. बेअरिंग बसायचं भोक मापापेक्षा मोठं. इथल्या नोंदीत मात्र माप बरोबर होतं आणि तपासणाऱ्याचं नाव रेखा सोळंके.

हे नीट समजून घ्या. भोक पाहिजे बासष्ट मिलिमीटरचं, वर शून्य पॉइंट शून्य तीनपर्यंत चालतं. प्रत्यक्षात ते बासष्ट पॉइंट शून्य पाच, म्हणजे बाद. पण शून्य एकदाच्या ऐवजी दोनदा उमटलं की होतं बासष्ट पॉइंट शून्य शून्य पाच, म्हणजे उत्तम. दुसरा कुठला आकडा दोनदा पडला तर माप एकतर इतकं वेडंवाकडं दिसतं की कुणाच्याही लक्षात यावं, नाहीतर बादच्या बाद राहतं. शून्य तेवढं चोरासारखं आत शिरतं आणि बाद माल पास करून जातं.

बाई म्हणत होत्या, मी बरोबर टाकलं, बटणानं घोळ केला. साहेबांनी त्यांचा लॅपटॉप ऑफिसमध्ये आणवला, ऑफिसच्या पोरांनी दुसऱ्या दिवशी तपासला, तर शून्य एकदाच उमटत होतं. दहा वेळा दाबा, दहाच शून्यं. साहेबांचं म्हणणं असं की बाई घाईत न मोजताच आकडे टाकतात. आणि पकडलं जाऊ नये म्हणून अधूनमधून कीबोर्डावर स्वतःच पाणी ओततात, म्हणजे दोष कीबोर्डावर ढकलता येतो.

"बोराटे, तुम्ही फक्त उघडून बघा आणि आत पाणी गेलंय असं लेखी द्या," साहेब म्हणाले. "म्हणजे माझ्या डोक्याचा ताप जाईल. तिला मी गेटबाहेर काढतो."

खरं सांगतो, मला ते पटलं. इतका सुरेख संशय मला स्वतःला सुचला नाही याची थोडी असूयाही वाटली.

लॅपटॉप दुकानात आणून उघडला. आत एक बारीक पांढरी चिकटपट्टी असते, पाणी लागलं की लाल होते. ती कुंकवासारखी लालभडक झाली होती. झालं, म्हटलं, लिहून टाकावं. पण सवय वाईट. नाक पुढं केलं. चहा नाही. साखर नाही. चिकटपणा नाही. वास आला तो मशीनच्या तेलाचा. टोप्या काढल्या तर खाली सगळीकडं राखाडी चिखल, पिठासारखी बारीक लोखंडाची पूड ओलसर होऊन बसलेली. आणि ती सगळीकडं सारखी. पाणी सांडतं ते एका जागी सांडतं, तिथून पसरतं, त्याची एक हद्द असते, फरशीवर सांडलेल्या पाण्याची असते तशी. इथं हद्दच नव्हती. चारही कोपऱ्यांत सारखं. असं सांडायला पाणी चाळणीतून ओतावं लागेल.

शून्याचं बटण मी दाबून बघितलं. एकदाच उमटलं. दुकानात, कोरड्यात, शहाण्यासारखं वागत होतं. म्हणजे बाईंचं म्हणणं खोटं ठरत होतं आणि साहेबांचंही पूर्ण खरं ठरत नव्हतं. मला अशा वेळी चैन पडत नाही. कुणीतरी खोटं बोलतंय हे कळतं, पण कोण ते कळत नाही. साहेबांना गिऱ्हाइकापुढं कुणाचं तरी नाव द्यायचं होतं. ऑफिसच्या पोरांना काम उरकायचं होतं. बाईंना नोकरी वाचवायची होती. आणि मी ज्याच्याकडून वरचे भाग घ्यायचो तो पुण्याचा व्यापारी 'ओरिजिनल' या शब्दाची शपथ घ्यायचा तेव्हा तर मी त्याच्या हाताकडं बघायचो. लिहून द्यायचं थांबवलं आणि दुसऱ्या दिवशी चाकणला गेलो.

बाई टेबलावर होत्या. चाळिशीच्या आसपास, डोक्यावर कंपनीची टोपी, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांना तात्पुरता दुसरा लॅपटॉप दिलेला होता. टेबल असं लखलखीत की त्यावर जेवावं. मापाची हत्यारं फडक्यावर ओळीत मांडलेली. लॅपटॉपचं बटणन् बटण चकचकीत. आणि मला काय वाटलं सांगू? इतकं स्वच्छ कुणी उगाच ठेवत नाही. काहीतरी पुसायचं असल्याशिवाय.

मी विचारलं, ताई, टेबलावर चहा घेता का?

"मी चहाच पीत नाही," त्या म्हणाल्या.

चाकणला, कारखान्यात, चहा न पिणारं माणूस! मी मनात म्हटलं, हे जरा जास्तच झालं. पाण्याची बाटली? ती खाली, ट्रॉलीवर, टेबलावर ठेवायची परवानगी नाही म्हणे. मी पुन्हा उलटसुलट विचारत राहिलो, पोलिसांसारखा. शेवटी त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"भाऊ, मी कामून पाणी ओतू त्याच्यावर? मला लेकरू हाय. पर्मनंटची यादी लागायलीय अन् मी माझ्याच हातानं माझं नाव खोडू का?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुम्हाला लिहायचं ते लिहा. पण मी मोजल्याबिगर आकडा टाकत नसते."

मी बाजूला एका खोक्यावर बसून राहिलो. देहूरोडचे काका आठवले. म्हटलं, आपणही खुर्ची टाकून बसावं. हातावर नजर ठेवावी.

पाळी संपत आली. भोंगा व्हायच्या जरा आधी सगळ्या लाइनवर फिस्स फिस्स सुरू झालं. ज्यांनी कारखाना आतून बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक मशीनजवळ छतावरून एक रबरी नळी लोंबते, तिच्या टोकाला पिस्तुलासारखा खटका. खटका दाबला की जोरात हवा येते. तिला एअरगन म्हणतात. तिचं खरं काम कापलेल्या भागातला लोखंडाचा कीस उडवायचं. पण आपले लोक तिनं काय करत नाहीत? कपडे झटकतात, केस झटकतात, बूट झटकतात, जेवणाचा डबा वाळवतात. उन्हाळ्यात शर्टाच्या आत सोडून घेतात. नियमात ते बसत नाही, पण करणाऱ्याला कुणी हटकत नाही, कारण हटकणाराही तेच करतो. पाळी संपताना अंगावर हवा मारून घेतली नाही तर माणसाला घरी गेल्यासारखं वाटत नाही.

सोळंकेबाईंनीही आपली नळी घेतली. अंगावर नाही मारली. आधी मापाची हत्यारं, मग टेबल, मग टेबलाखाली. आणि मग लॅपटॉप. फार मन लावून. एकेक ओळ, वरून खाली, कोपऱ्यांत जरा जास्त, बटणांच्या फटींत नळीचं तोंड अगदी टेकवून. रोजचा हात होता तो, लपवाछपवी कसलीच नाही.

मी उठलो. म्हटलं, ताई, जरा इकडं द्या. खिशातला रुमाल काढला, पांढरा होता, बायकोनं सकाळी इस्त्री करून दिलेला. नळीसमोर धरला आणि खटका दाबून ठेवला. रुमाल फडफडला. मग मधोमध एक डाग उमटला, आधी फिकट, मग गडद. हात लावून बघितला. ओला होता. नाकाला लावला, तोच तेलाचा वास.

हवा दाबून भरली की तिच्यातली ओल पाणी होऊन टाकीत साठते. ते पाणी रोज खालच्या तोटीनं सोडून द्यायचं असतं. पावसाळ्यात तर नक्कीच. ते कुणी सोडत नव्हतं. सगळी ओल, मशीनचं तेल आणि हवेतली लोखंडाची पूड घेऊन ती हवा रोज संध्याकाळी त्या नाजूक कागदांच्या मध्ये घुसत होती. मळक्या लॅपटॉपांच्या वाटेला कुणी गेलं नव्हतं, म्हणून ते जगले. मापांत शून्याचं बटण सगळ्यांत जास्त दाबलं जातं, म्हणून आधी तेच गेलं. आणि ताईंचा लॅपटॉप ऑफिसच्या एसीत गेला की रात्रीत वाळायचा आणि सकाळी साळसूदासारखा चालायचा.

मी रेखाताईंना म्हटलं, आता या तात्पुरत्या लॅपटॉपचंही शून्य दाबा. त्यांनी एकदा दाबलं. पडद्यावर दोन शून्यं आली.

खैरनारसाहेबांना बोलावलं. त्यांना रुमाल दाखवला. त्यांनी रुमालाकडं बघितलं आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की, याला बाईनं किती चहा पाजला असेल. मला त्यांचा राग आला नाही, मीही तेच केलं असतं. म्हटलं, साहेब, माझं सोडा, तुम्हीच दाबा.

साहेबांनी बोट पुढं केलं. एकदा दाबलं. दोन शून्यं. पुन्हा दाबलं, पुन्हा दोन. मग ते दाबतच राहिले. पडदा शून्यांनी भरत गेला आणि आजूबाजूची माणसं घरी जायची थांबली.

मला वाटलं, सुटली बाई. पण संशयाला घाई असते. साहेब म्हणाले, "म्हणजे हिनंच केलं ना? रोज हवा मारून हिनंच खराब केला." आणि मी रेखाताईंकडं बघितलं तर त्यांचा चेहरा पार उतरला होता. इतका वेळ त्या भांडायच्या तयारीत उभ्या होत्या, आता हातातली नळी त्यांनी हळूच हुकाला अडकवली.

"म्हणजे माझ्याच हातानं झालं," एवढंच म्हणाल्या.

खोटा आळ माणूस झटकून टाकतो. पण जे जीव लावून केलं त्यानंच वाटोळं झालं हे कुठं झटकणार? आणि मी, जो एवढा बारीक बघतो म्हणवतो, मला तोवर एक गोष्ट दिसली नव्हती. नळी अडकवलेल्या हुकाच्या वरच, भिंतीवर, प्लॅस्टिकच्या पाकिटात एक प्रशस्तिपत्र होतं. 'सर्वांत स्वच्छ टेबल'. खाली साहेबांची सही. हुक कंपनीनंच तिथं ठोकलेला, आणि हुकाशेजारी पाटी, 'आपली जागा स्वच्छ ठेवा'.

मी फक्त तिकडं बघत राहिलो. साहेबांनीही बघितलं. मग त्यांनी सवयीनं नळी काढली, आपल्या बाहीवरची पूड उडवायला खटका दाबला, आणि बाहीवर पडलेला करडा ओला डाग बघून थांबले. एवढ्या माणसांसमोर. कुणीतरी मागून खुसखुसलं. साहेबांच्या तोंडावरही हसू आलं, पण ते कसंनुसं होतं.

"हे तर आपण सगळेच करतो," ते म्हणाले. त्यांनी तिथूनच हवेच्या टाकीवाल्या माणसाला फोन लावला आणि त्याला जे बोलले ते दिवाळी अंकात छापता यायचं नाही. मग रेखाताईंकडं वळून म्हणाले, "ताई, तुमच्या आकड्यांचं मी लिहून देतो. मी. माझ्या सहीनं."

दिलंही. मी तीन वेळा विचारून खात्री केली, साहेबांना, ऑफिसच्या पोरांना आणि गेटवरच्या वॉचमनला. साहेबांनी परत आलेला माल पुन्हा मोजून घेतला, आणि पुढं कुणी आकडा टाकला की लॅपटॉपनं तो मोठ्या अक्षरांत दाखवून पुन्हा विचारावं अशी सोय केली. प्रशस्तिपत्र तिथंच राहिलं. हुक काढला.

त्या दिवशी घरी परतताना चाकण चौकातल्या कोंडीत अडकलो होतो. पुढं कांद्याचे ट्रक, मागं कंपन्यांच्या बस. रुमाल खिशात ओला लागत होता. माझ्या मनात काय आलं सांगतो. माझा संशय त्या बाईला वाचवायच्या कामी आला, हे खरं. मला त्याचा अभिमान आहे, लपवत नाही. पण त्या बाईवर संशय मीही घेतला होता आणि तो का, तर टेबल स्वच्छ होतं म्हणून. माणसं माझ्याकडं येऊन 'आपोआप' का म्हणतात तेही थोडं कळलं. खरं सांगितलं की वॉरंटी जाते, साहेब ओरडतो, घरात बोलणी बसतात. पन्हळ काढून टाकणाऱ्यानं ठरवलंय की सांडणं हा गुन्हा आहे. मग कबूल कोण करेल? आणि समोर माझ्यासारखा नाक फुगवून बसलेला. वडील असते तर म्हणाले असते, "तूच आदी ठिव की इस्वास." वाईट वाटलं थोडं. मग सिग्नल सुटला.

यंदा पावसाळ्यात दुकानात एक बाई आल्या. सोबत लॅपटॉपची पिशवी. टोपी नव्हती म्हणून मी पटकन ओळखलं नाही, चष्मा दोरीनं गळ्यात होता तेव्हा ओळखलं. रेखाताई. कायम झाल्या, आता मापाच्या खोलीत असतात, एसीत. मुलगी कॉलेजला गेली, लॅपटॉप तिचा. मी चिठ्ठी पुढं ओढली, 'तक्रार' या रकान्यावर पेन टेकवलं आणि 'आ' लिहिला.

"चहा सांडलाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "पोरगी नाही, मीच सांडला. कपभर. साखरेचा."

माझं पेन तिथंच थांबलं. वीस वर्षांत पहिलं माणूस. आणि मी काय बोलावं? म्हटलं, "पण ताई, तुम्ही तर चहा पीत नाही."

त्या हसल्या. म्हणाल्या, तेव्हा पीत नव्हते. लाइनवर चहाला उठलं की मागं तपासायचा माल साठायचा, मग घाई व्हायची, घाईत आकडा चुकायचा. म्हणून चहाच सोडला होता. आता बसून पिते. दोनदा.

मी तो 'आ' खोडला. रकान्यात लिहिलं, 'चहा'. लॅपटॉप उघडायच्या आधी लिहिलं, हे सांगण्यासारखं आहे. त्यांना म्हटलं, परवा या, होऊन जाईल. त्या पिशवी घडी करून पायऱ्या उतरल्या, रस्ता ओलांडून बसस्टॉपला गेल्या.

त्या दिसेनाशा झाल्यावर मी चार टोप्या काढल्या आणि वास घेतला. चहाच होता. आलं घातलेला.